नवरीच्या खोलीत आधी दिवा, मग फुगे

लग्नाच्या दिवशी नवरीला तयार व्हायला द्यायच्या खोलीविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत पडदे, फुलं, फोटोसाठी मागची भिंत यांचीच विचारणा होती. ते आम्ही बाजूला ठेवलं. ही खोली तीन-चार तास कामाची जागा असते. तिथे दिवा, प्लग, खुर्ची आणि माणसांची संख्या एवढं जमलं तर सजावट हौसेनुसार करता येते.

प्रश्न : सभागृहासोबत मिळणाऱ्या खोलीत छताला मधोमध पिवळे दिवे आहेत आणि एकच खिडकी. चाचणीच्या मेकअपला चेहरा आरशात सुरेख दिसला, पण बाहेर काढलेल्या फोटोंत चेहरा एका रंगाचा आणि गळा दुसऱ्याच. चूक मेकअपची की उजेडाची?
— नवरीची थोरली बहीण

बहुधा उजेडाची. पिवळ्या दिव्याखाली चेहऱ्यावर आणि गळ्यावर एकच सोनेरी छटा चढते. फाउंडेशन अर्ध्या छटेने चुकलं तरी तिथे कळत नाही. दारातून बाहेर पाऊल टाकलं की कळतं. दुसरी गोष्ट, दिवा डोक्यावर असेल तर भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत, नाकाची ओठावर आणि हनुवटीची गळ्यावर पडते. मेकअप करणारी ती सावली काळेपणा समजून झाकायला जाते आणि डोळ्यांखाली गरजेपेक्षा जास्त कन्सीलर बसतो. तासाभराने तिथेच बारीक सुरकुत्यांच्या रेघा उमटतात.

उपाय फार खर्चिक नाही. आरशाच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या नवरीच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडचे दोन दिवे ठेवा. दोन्हींत एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, दुधी आवरणाचे ९ ते १२ वॅटचे एलईडी बल्ब. खोक्यावर दोन आकडे बघायचे. रंगाचं तापमान ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान हवं. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, त्यात त्वचा फिकी दिसते आणि हात लालीकडे वळतो. दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तो ९० किंवा त्याहून जास्त असावा. ८०चा बल्ब घरात चालतो, पण त्यात लाल छटा मरतात, आणि ओठ व गाल यांचं सगळं काम लाल छटांचंच असतं. हे दोन दिवे लागले की छताचे पिवळे दिवे बंद करा. एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर पांढरा उजेड असला की कितीही कसलेला हात फसतो.

रिंग लाइट पुरेल का, असंही काहींनी विचारलंय. फोनवर फोटो काढायला पुरेल. काम करायला तो एकटा बरा नाही, कारण उजेड थेट समोरून आल्यामुळे चेहरा सपाट दिसतो आणि गालाच्या कडेला रंग नीट मिसळलाय की रेघ राहिलीय, ते लपतं.

खिडकीचं म्हणाल तर नवरीचं तोंड खिडकीकडे हवं. पाठ खिडकीकडे केली की आरशात चेहरा काळवंडतो. खुर्ची खिडकीपासून एक-दीड मीटरवर, आरसा खिडकीच्या लगत. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा लावा. रंगीत पडदा नको, त्याचा रंग गालावर उतरतो. हिरव्या किंवा निळ्या भिंतीला खेटून बसायची वेळ आली तर त्या बाजूला पांढरी चादर टांगा. आणि एक बारीकशी वाटणारी गोष्ट : मेकअप करताना गळ्याभोवती टॉवेल गुंडाळतात, तो पांढराच हवा. लाल टॉवेलाची झाक हनुवटीखाली पडते आणि नेमका गळ्याचाच रंग चुकतो. तुमच्या चाचणीच्या वेळी टॉवेल कुठला होता ते आठवून बघा.

समारंभ संध्याकाळी असेल तर खिडकीवर विसंबू नका. काम सुरू होताना लख्ख उजेड आणि संपताना तिन्हीसांजा, असं झालं तर पहिला आणि शेवटचा थर वेगवेगळ्या उजेडात बसतो. पहिल्यापासून पडदा ओढून दिव्यांवरच काम करावं.

मेकअप झाल्यावर नवरीला दारापाशी नेऊन दोन फोटो काढा, एक साधा आणि एक फ्लॅश लावून. फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पांढरे चट्टे दिसले तर तिथली सिलिकायुक्त पावडर जास्त झाली आहे. मोकळ्या ब्रशने झटकून घ्या. हे तेव्हाच दुरुस्त होतं, नंतर अल्बममध्ये नाही.

प्रश्न : उभ्याचा आरसा किती मोठा घ्यावा? भाड्याने देणारे सहा फुटीच घ्या म्हणतात.
— नवरीचा भाऊ

सहा फूट लागत नाहीत. सपाट आरशात पूर्ण शरीर दिसायला आरसा उंचीच्या निम्मा असला की पुरतो, आणि मागे-पुढे सरकल्याने त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो कुठल्या उंचीवर लावलाय त्याने. खालची कड जमिनीपासून डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर, आणि वरची कड डोळे व टाळू यांच्या मधोमध. नवरीची उंची १६० सेंटीमीटर आणि डोळे १५० वर असतील, तर खालची कड ७५ वर आणि वरची १५५ वर, म्हणजे ८० सेंटीमीटरचा आरसा बास. चपलेची टाच ८ सेंटीमीटरची असेल तर हेच आकडे ७९ आणि १६३ होतात. केसांचा उंच बांध असेल तर वर आणखी थोडी जागा. ७५ ते १७० सेंटीमीटरच्या दरम्यान बसेल असा सरळ आरसा बहुतेकींना चालतो. रुंदी मात्र ६० सेंटीमीटरपेक्षा कमी नको, नाहीतर कपड्याचा घेर मावत नाही.

आरसा भिंतीला तिरपा टेकवू नका. तिरप्या आरशात नजर वर सरकते, पाय सुटतात, आणि कपड्याची खालची कड जमिनीला किती टेकते हे कळतच नाही. शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्याने तो घसरण्याची धास्ती. पाठ बघायला दुसरा मोठा आरसा नको. मोठ्या आरशाकडे पाठ करून हातात २५-३० सेंटीमीटरचा छोटा आरसा धरला की अंबाड्यापासून टाचेपर्यंत दिसतं.

प्रश्न : चाचणीच्या दिवशी ड्रायर आणि कपड्यांचा स्टीमर एका एक्स्टेन्शन बोर्डला लावला. दिवे गेले नाहीत, पण बोर्ड गरम झाला आणि वास आला. लग्नाच्या दिवशी दोन मेकअप करणाऱ्या येणार आहेत. काय काळजी घ्यायची?
— मुलीचे बाबा

दिवे गेले नाहीत म्हणजे सगळं ठीक होतं असं नाही, बाबा. वास आला तो इशारा होता. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा साधा प्लग जास्तीत जास्त १३८० वॅट पेलतो. एकटा १८०० वॅटचा ड्रायर ७.८ अँपिअर ओढतो. १५०० वॅटचा स्टीमर ६.५. दोन्ही मिळून १४ च्या वर. पाठीमागचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, १६ अँपिअरचा असेल तर तो कशाला पडेल? तो भिंतीतल्या वायरची राखण करतो, तुमच्या बोर्डाची नाही. मधल्या मध्ये बोर्डाची पातळ वायर आणि सैल खाच तापत राहते.

म्हणून आदल्या दिवशी खोलीत जाऊन मोठ्या तीन पिनांचे, म्हणजे १६ अँपिअरचे प्लग किती आहेत ते मोजा. ड्रायर, स्टीमर, इस्त्री, पाणी तापवायची किटली यांतली प्रत्येक वस्तू अशा प्लगला थेट भिंतीत लावायची, आणि एका वेळी एकच चालवायची. ते शक्य नसेल तर कपड्यांचं काम आदल्या रात्री उरका आणि किटली दुसऱ्या खोलीत ठेवा. स्ट्रेटनर आणि कर्लर यांची भीती बाळगू नका. ते साधारण ३० ते १०० वॅट घेतात, दोन्ही मेकअप करणाऱ्यांचे मिळूनही एका साध्या बोर्डावर दिव्यांसोबत चालतात. एसी असेल तर त्याच्या प्लगला दुसरं काही जोडू नका. रिळावर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेल्या वेटोळ्यात उष्णता कोंडते. उलगडलेली वायर भिंतीच्या कडेने न्या आणि चिकटपट्टीने बसवा. घेरदार कपड्यातून वायर दिसत नाही.

स्ट्रेटनरच्या पट्ट्या २०० अंशांच्या घरात तापतात. तो गादीवर, सोफ्यावर, खुर्चीच्या हातावर ठेवायची सवय असते, ती मोडा. टेबलावर एक फरशीचा तुकडा ठेवला की झालं. हेअर स्प्रेच्या डब्यातला वायू ज्वालाग्राही असतो, त्यामुळे स्प्रे मारताना जवळ दिवा, मेणबत्ती, उदबत्ती काही पेटतं नको.

वीज गेली तर घरगुती इन्व्हर्टरवर ड्रायर चालवायला जाऊ नका. बॅटरीवर चालणारे दोन पांढरे दिवे तेवढे चार्ज करून ठेवा. केस थांबू शकतात, अर्धवट आयलायनर थांबू शकत नाही.

प्रश्न : खोली तीन बाय साडेतीन मीटरची आहे. आत्या, मावश्या, मैत्रिणी सगळ्यांना नवरीजवळ बसायचंय. कुणाला नाही म्हणायचं?
— नवरीची आई

नाही म्हणणं तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका, खोलीवर ढकला. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. दहा जणी बसल्या की खोलीत १००० वॅटचा हीटर लावल्यासारखं होतं, त्यात ड्रायर आणि दिवे. नवरीच्या कपाळावर घाम येतो तो त्यामुळे, आणि घामावर फाउंडेशन बसत नाही, तरंगतं.

मापं घ्या. खुर्चीभोवती मेकअप करणारीला फिरायला चारही बाजूंनी एक-एक मीटर लागतो. कपडे नेसायला दोन बाय दोन मीटरची मोकळी, स्वच्छ जमीन लागते. टेबल आणि कपडे टांगायची जागा धरली की तुमच्या खोलीत नवरी, काम करणाऱ्या दोघी आणि हाताशी दोघी, अशा पाच जणी मावतात. बाकीच्यांसाठी शेजारच्या खोलीत किंवा गॅलरीत खुर्च्या मांडा आणि तयारी पूर्ण झाल्यावर वीस मिनिटं दार उघडं ठेवा. सगळ्यांना नवरी बघायची असते, आयलायनर नाही.

खोली २२ ते २४ अंशांवर ठेवा, आणि एसी माणसं येण्याआधी अर्धा तास सुरू करा; तापलेली खोली भरल्यावर थंड व्हायला फार वेळ घेते. झोत चेहऱ्यावर नको. पंखा असेल तर पावडर आणि स्प्रेच्या वेळी बंद.

खोलीला जोडून न्हाणीघर असेल तर एक नियम कडक पाळा : नवरीच्या केसांना हात लागल्यापासून तिथे कुणीही गरम पाण्याने अंघोळ करायची नाही. कुरळे केलेले केस आकार धरतात ते तापून गार झाल्यावर, आणि ओलावा लागला की तो आकार सुटतो. दाराच्या फटीतून आलेली वाफ तासाभराची मेहनत दहा मिनिटांत सैल करते. दोष मग स्प्रेला दिला जातो.

प्रश्न : मी मेकअप शिकतेय. पहिल्याच कामाला साधी खुर्ची मिळाली आणि कंबरेचं पार भुस्कट झालं. यजमानांना काय सांगून ठेवावं?
— एक नवशिकी

उंच स्टूल मागा. साध्या खुर्चीची बैठक ४५ सेंटीमीटरवर असते. तुम्हाला ७० ते ७५ वर हवी, म्हणजे नवरीचा चेहरा तुमच्या छातीच्या वर येतो. चाकं नकोत, हात नकोत, पाठ असलीच तर खांद्याखाली संपणारी, नाहीतर मागचे केस तिच्यात अडकतात. पाय टेकायला आडवी दांडी किंवा पाट हवाच. लोंबकळत्या पायांना अर्ध्या तासात मुंग्या येतात आणि नवरी चुळबुळते.

प्रश्न : कपडे कुठे, कसे ठेवायचे? माझा रेशमी पोशाख जड आहे, खाली घेर आहे.
— स्वतः नवरी

दाराच्या वरच्या कडेला अडकणारा मजबूत हुक बघा. जमिनीपासून दोन मीटरवर, आणि ते दार दिवसभर उघडावं-मिटावं लागणारं नको; कपाटाचं चालेल. तारेचा हँगर वापरू नका, रुंद लाकडी घ्या. जड कपडा खांद्यांवर टांगला की शिवण ताणते. आतून शिवलेल्या पट्ट्या असतील तर त्यांनीच टांगायचा, नसतील तर पांढऱ्या चादरीवर आडवा ठेवायचा.

घडीच्या रेघा आदल्या रात्री काढा. इस्त्री मंद, कपडा उलटा, मध्ये पातळ सुती फडकं. रेशमावर पाणी शिंपडून इस्त्री करू नका, थेंबांचे डाग सुकल्यावरही राहू शकतात. स्टीमर कपड्याला टेकवायचा नाही, आणि सुरुवात आतल्या शिवणीवर करून बघायची. वाफ दिलेला कपडा लगेच घालू नका, वीस मिनिटं गार होऊ द्या. गरम, ओलसर कपड्यात बसलं की नवीन चुण्या पडतात आणि त्या आधीच्यांपेक्षा हट्टी असतात.

जमिनीवर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरा, कडा चिकटपट्टीने बसवा. प्लॅस्टिक घसरतं. चादरीवर पाय टाकणारीने चप्पल बाहेर काढायची, यात मानापमान नाही. पिना मोजून वाटीत ठेवा आणि एक लोहचुंबक जवळ असू द्या. काम संपल्यावर तो चादरीवरून फिरवला की पडलेल्या पिना चिकटून येतात. तुमच्या अनवाणी पायात पिन घुसली तर रक्ताचा ठिपका पहिला कपड्याच्या कडेला लागतो.

मेकअपला बसताना समोरून बटणं असलेला सैल शर्ट घाला. डोक्यातून काढायचा कपडा घातला असेल तर शेवटी तो कापावा तरी लागतो किंवा केस विस्कटतात. लेन्स वापरत असाल तर हात धुऊन मेकअपच्या आधी घाला. अत्तर आणि डिओडरंट कपड्यांच्या आणि मोत्यांच्या आधी, सुकू देऊन. आणि नेसायच्या पाच मिनिटं आधी स्वच्छतागृहात जाऊन या, गरज वाटो न वाटो.

वेळ उलटी मोजा. बाहेर पडायच्या वेळेपासून मागे : २० मिनिटं फोटो, १५ दागिने, ४५ कपडे, ६० केस, ९० चेहरा. हे झाले ३ तास ५० मिनिटं. वर ३० मिनिटं राखीव. म्हणजे ११ वाजता बाहेर पडायचं तर ६ वाजून ४० मिनिटांनी खुर्चीत. चेहरा आणि केस यांच्या मध्ये खाऊन घ्या, कोरडं, एका घासाचं, पाणी स्ट्रॉने.

प्रश्न : फाउंडेशनचा डाग पडलाच तर?
— करवली

घासू नका आणि पाणी लावू नका. जाड थेंब असेल तर बोथट सुरीच्या पाठीने वरच्यावर उचला, मग टाल्कम पावडर दाबून पंधरा मिनिटं ठेवा, तेल शोषलं जातं, मऊ ब्रशने झटका. राहिलेली छटा पिनेने आणलेल्या चुणीत किंवा दुपट्ट्याच्या पदरात लपते. उरलेलं काम ड्रायक्लीनरचं. त्याला डाग कशाचा आहे ते सांगा. रक्ताचा ठिपका मात्र सुती कपड्यावर असेल तर लगेच थंड पाण्याने टिपा, गरम पाण्याने तो पक्का होतो.

प्रश्न : माझी मैत्रीण व्हीलचेअर वापरते. तिच्या लग्नाची खोली निवडताना काय बघू?
— मैत्रीण

दाराची मोकळी रुंदी किमान ८० सेंटीमीटर, ९० असेल तर उत्तम. ती दार उघडं ठेवून मोजा, चौकट ते चौकट नाही. आत खुर्ची पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची जागा. तिथे टेबल, बॅगा काही येऊ देऊ नका. खोलीच्या दारासारखंच न्हाणीघराचं दार आणि उंबरठा बघा, बहुतेक वेळा अडतं ते तिथे. मेकअप तिच्या खुर्चीतच करायचा असेल तर मेकअप करणारीसाठी चाकांचं बुटकं स्टूल आणि आरसा व दिवे त्याच हिशेबाने खाली. कपडे बसून नेसायचे असल्यास पाठीमागची लांबी आणि चाकात अडकणारे पदर यांचा विचार शिंप्याकडेच व्हायला हवा, त्या दिवशी सकाळी नाही.

प्रश्न : दागिने खोलीत सुरक्षित कसे ठेवायचे?
— नवरीचे काका

एक डबा, एक किल्ली, एक माणूस. आणि तो माणूस नवरी किंवा तिची आई नको, दोघींचं लक्ष दहा ठिकाणी असतं. आदल्या दिवशी सगळे दागिने गडद टॉवेलावर मांडून एक फोटो काढा आणि तीच यादी धरा. घालायच्या वेळी ट्रेमध्ये क्रमाने मांडायचे : केसातले आधी, मग कानातले, गळ्यातले, हातातले शेवटी, कारण बांगड्या आधी भरल्या तर त्यांचे खिळे कपड्यात अडकतात. फिरक्या वेगळ्या छोट्या डबीत, दोन जास्तीच्या घालून. रिकाम्या डब्या खोलीत सोडू नका, त्या भरलेल्या समजून कुणीतरी उचलतं आणि मग अख्खं लग्नघर शोधात लागतं.